फान आचाऱ्याला घरी कुणी न्यायचं?

लियाओ सूछिनला लढाईचा वीट आला होता. उभ्या जन्मात तिनं कधी कोंबडीसुद्धा कापली नव्हती, ते काम नवरा करायचा. पण गेली कित्येक वर्षं रोज सकाळी तांदळाच्या शेवयांचा वाडगा रिकामा झाला, की ती टेबलाखालची शेगडी लावायची, गुडघ्यांवर गोधडी ओढायची आणि माणसं मारायला बसायची. रोज दोन प्रकरणं. एक दिवस खंड पडला की वाचक दुसऱ्याच्या दारात. गोष्टींच्या ॲपवर तिचं नाव होतं ‘उत्तरेचा सरदार’ आणि वाचक तिला ‘सरदारदादा’ म्हणत. या दादाच्या मनगटाला पट्टा आणि कमरेला मलम होतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार!

तिचा नायक लू झाओ. अंगात काडीचं बळ नाही. संकट आलं की हा टेकडीवर चढून नगारा वाजवायचा आणि कुठल्या कुठल्या काळातले लढवय्ये धावत यायचे. ते लढायचे, पडायचे. हा वरून डोळे पुसायचा.

“तुझा हा नायक म्हणजे आमचा डेपोचा साहेब,” नवरा ज्याहे म्हणायचा. तो शहर बसचा ड्रायव्हर. “शिट्टी फुंकतो आणि स्वतः चहा पितो.”

“अहो, तो स्वतः लढायला लागला तर गोष्ट चार दिवसांत आटपेल. मग मी काय माश्या मारू?”

इतकी माणसं मारायची तर नावं आणायची कुठून? आमच्याकडचे सगळेच लेखक त्यावर एक तोडगा काढतात. नावं वाचकांकडूनच मागतात. लोक हौसेनं देतात आणि आपण दिलेल्या नावाचा शिपाई कसा मेला ते चवीनं वाचतात. ‘पोहता न येणारा मासा’ असं टोपणनाव घेतलेल्या एका वाचकानं नाव दिलं होतं फान देशुन, लढवय्या आचारी, हत्यार लोखंडी कढई. बाकीच्यांसारखं हेही मनचं असणार, असं समजून सूछिननं ते उचललं. आचारी एका प्रकरणापुरता आला आणि ठाण मांडून बसला. लू झाओला तोंडावर शिव्या द्यायचा, शिपायांना जेवू घालायचा आणि मग कढई घेऊन रणात उतरायचा. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. संपादक आचिंगबाईंनी लगेच जाहीर करून टाकलं, आचाऱ्याची शेवटची लढाई सुरू!

सूछिननं त्याचा डावा हात तोडला त्याच दिवशी माशाचा निरोप आला.

‘दादा, फान देशुन माझे वडील आहेत. खाणीच्या भटारखान्यात जन्मभर आचारी होते. इस्पितळात आहेत, दोन ऑपरेशनं झाली, तिसरं व्हायचंय. नजर गेली, म्हणून तुमची गोष्ट रोज ऐकतात. ते ऑपरेशन होईपर्यंत गोष्टीत त्यांना मारू नका. तुमच्यापुढे डोकं टेकवतो.’

“जिवंत माणसाचं नाव?” ज्याहे ओरडलाच. “अगं, अक्कल काय गहाण टाकली होतीस?”

तेव्हापासून लढाई जागची हलेना. मारणं सोपं असतं, एका ओळीत उरकतं. जगवायला पानंच्या पानं लागतात, हे सूछिनला त्या आठवड्यात कळलं. आचारी एका हातानं कढई फिरवत राहिला, पोटात भाला घेऊनही उभा राहिला. वाचक खवळले. ‘दादा, किती पाणी घालाल? सूप कुठाय?’ एकानं तर ब्लेडचं पाकीट घरी पाठवायची धमकी दिली. लेखकावर चिडलेल्या वाचकांची ती आमच्याकडे जुनीच रीत आहे.

आचिंगबाईंचा फोन आला. “सूछिनताई, मरतोय की नाही हा? लोक रुमाल घेऊन बसलेत.”

“नाही मरत.”

“नाही मरत म्हणजे? लिहितं कोण, तुम्ही की तो?”

“मनगट माझं दुखतंय, म्हणजे मीच असेन.”

तिला खरोखर रडू येत होतं. आणि मग माशाकडून आवाजातला निरोप आला. सुरुवातीला धाप, मग म्हाताऱ्याचा जाडाभरडा सूर.

“सरदारा, ऐक. त्या आचाऱ्याचा हात गेला, पोट फाटलं, तरी तू त्याला उभाच ठेवलायस. कढई केवढी जड असते, ठाऊक आहे का? तू काही ती कधी उचललेली दिसत नाही. अरे, दमलाय तो. त्या नगारेवाल्याला म्हणावं, पुरे झालं, खाली उतर आणि त्याला घरी ने. इथं परक्यांत नको. आपल्या चुलीपाशी असलेलं बरं.”

मागून मुलाचा आवाज. “बाबा, असं काय बोलता? परवा ऑपरेशन आहे.”

“मी गोष्टीबद्दल बोलतोय. तू गप्प बस.”

ज्याहेच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. “गोष्टीबद्दल नाही बोलत तो.”

“कळलंय मला.”

“मुलाला कळलंय?”

“त्याला कळून घ्यायचंच नाहीये.”

“आणि बरा झाला असता तर? तू लिहिलंस आणि म्हातारा ऑपरेशनला नाही म्हणाला, तर पाप कुणाच्या माथी?”

सूछिनला सगळ्यांचाच राग आला, माशाचा, म्हाताऱ्याचा, स्वतःचासुद्धा. लढाया लिहायच्या ठरल्या होत्या, हा न्यायनिवाडा कुणी गळ्यात मारला? मुलाचं ऐकावं तर म्हाताऱ्याचे हाल, म्हाताऱ्याचं ऐकावं तर मुलाचा घात. पण नाव म्हाताऱ्याचं होतं आणि पोटातला भालाही त्याचाच. तिनं मनगटाचा पट्टा आवळला आणि लिहायला घेतलं.

लू झाओनं नगारा खाली ठेवला. लढाई चालू असताना टेकडी उतरायची त्याला सवय नव्हती. बाण येत होते तरी तो गेला, आचाऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि चालू लागला. वाटभर आचारी त्याच्या चालीला नावं ठेवत होता. घर आलं. आचारी चुलीपाशी टेकला आणि म्हणाला, ‘झाकण काढ, आतलं करपतंय.’ सूछिन तिथंच थांबली. मरणाची ओळ तिच्यानं लिहवली नाही.

वाचकांनी प्रतिक्रियांचा धो धो पाऊस पाडला. ऑपरेशनचा दिवस आला आणि गेला. सूछिन अन्नाला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माशाचा निरोप आला.

‘बाबांनी प्रकरण दोनदा ऐकलं आणि घरचे कपडे मागितले. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, ऐकेनात. आज घरी आणलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, मीच पाठीवर घेऊन जिने चढलो.’

‘रागावलायस ना माझ्यावर?’ सूछिननं विचारलं.

‘खूप,’ त्यानं लिहिलं. मग पुढची ओळ आली. ‘पण दादा, ते इतके हलके झालेत, हे मला पाठीवर घेईपर्यंत माहीतच नव्हतं.’