नखानं लिहिलेलं

"थांब, लिहून घेतो," असं म्हणून दादा डावी बाही कोपरापर्यंत सारायचे आणि उजव्या हाताच्या नखानं आपल्याच हातावर आकडे ओढायचे. तीन-चार मिनिटांत ते आकडे लाल होऊन टम्म फुगायचे. मग तुम्हीआम्ही चार फुटांवरूनही वाचावं: गेट, 1460.

आखातात, मुसफ्फ्यातल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ते सुपरवायझर होते आणि मी वरच्या मजल्यावर ड्रॉइंगं काढायचो. त्यांची कातडीच तशी होती. ओरखडा ओढला की तेवढीच जागा सुजायची, खाजायची आणि तासा-दीड तासानं काही झालंच नाही अशी साळसूद व्हायची. या दुखण्याला डॉक्टरी नाव लांबलचक आहे. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला दादांची वही म्हणत.

"दादा, कागद का नाही वापरत?" मी एकदा विचारलं.

"कागद हरवतो रे. हात कुठे जातोय?"

हात जात नव्हता, पण अक्षरं जायची. म्हणून साइटवरून माप घेऊन आले की ते जिना धावत चढायचे आणि मी त्यांचा हात टेबलावर ठेवून ड्रॉइंग सुरू करायचो. वाटेत ट्रॅफिक लागला तर फोन यायचा, "सहाचं पोट बसायला लागलंय, यल्ला, पटकन उतरून घे."

एकदा त्यांनी घामानं हैराण होऊन आकड्याच्या अलीकडे खाजवलं. तिथे एक उभी रेघ उठली आणि मी मुकाट्यानं 11460 चं, म्हणजे साडेअकरा मीटरचं गेट काढून दिलं. खालून वेल्डर ड्रॉइंग घेऊन वर आला. "साहब, अंदर जहाज पार्क करना है क्या?"

आम्हाला हसू यायचं, त्यांना खाज यायची. सीटबेल्टचा पट्टा छातीवर, हेल्मेटचा हनुवटीखाली, मोज्याचं इलॅस्टिक पायावर, सगळं उमटायचं. सेफ्टी हार्नेस काढल्यावर ते सुतळीनं बांधलेल्या पार्सलसारखे दिसायचे. गोळीनं हे थांबलं असतं, पण गोळीनं झोप यायची आणि शिडीवर झोपून चालत नाही. तेव्हा ते गोळी न घेता दिवसभर सोसायचे आणि वर आमच्या चहाची ऑर्डरही हातावर लिहून घ्यायचे. मला आता त्याची लाज वाटते.

मग त्यांचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. म्हणजे मेडिकल आलं. हे दुखणं मागच्या मेडिकलनंतर सुरू झालेलं. अंगावर काही दिसलं तर अनफिट करून घरी पाठवतात, असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि आमच्याकडे ऐकीव गोष्टीला कायद्याचा मान असतो. मुलगी बारावीत, बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर. बापाचा व्हिसा गेला की तिचाही जाणार. ती रोज सकाळी बजावायची, "बाबा, प्लीज, नो स्क्रॅचिंग. ओके?"

चार दिवस त्यांनी अंगाला नख लावलं नाही. मेडिकलला सैल सदरा, इलॅस्टिक नसलेले मोजे आणि सोबतीला मी. हात कोरा करकरीत. काउंटरवर टोकन मिळालं. मी पाणी आणायला गेलो. परत आलो तर हे खुर्चीत शांत बसलेले, कारण टोकन हरवू नये म्हणून त्यांनी नंबर लिहून घेतला होता.

रक्त काढायला मल्याळी सिस्टरनं बाही वर केली. तिथे 247.

"ये क्या है?"

"नंबर है, सिस्टर."

"किसने लिखा?"

त्यांनी नख दाखवलं. सिस्टरनं खुर्ची मागे सरकवली आणि डॉक्टरांना बोलावलं. दादांचा चेहरा उतरला. "पोरीचं वर्ष घालवलं मी," एवढंच मला म्हणाले.

डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचे होते. त्यांनी पेनच्या टोपणानं एक रेघ ओढली आणि घड्याळ लावून बसले. रेघ फुगली. मग त्यांनी उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहिलं, तेही फुगलं. दोन सहकाऱ्यांना बोलावून दाखवलं. "हबीबी, धिस इज ओन्ली स्किन. खलास."

बाहेर आमच्या पठाण ड्रायव्हरनं ते अरबी नाव वाचलं. "ठप्पा लग गया, अब कौन रोकेगा?"

रिपोर्ट फिट आला. पोरगी उत्तम पास झाली, तिला पुण्याला ॲडमिशन मिळाली आणि मायलेकी पुढे गेल्या. महिन्याभरात दादांनी राजीनामा दिला. "जिच्यासाठी थांबलो होतो ती गेली, आता इथे कुणासाठी खाज सोसू?" मी थांबा म्हणणार होतो, पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

दुपारच्या विमानाला आम्ही चौघं पोचवायला गेलो. भेटवस्तू आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. वेल्डरनं त्यांचा हात धरला आणि नखानं आपलं नाव लिहिलं. मग पठाणानं, मग बंगाली हेल्परनं. माझी पाळी कोपराजवळ आली. मी जरा जोरातच ओढलं. त्यांनी बाही अजून थोडी वर सारली.

परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या व्हॅनमध्ये मेसेज आला, "सगळे फुगलात. पासपोर्टवाला बघत होता."

थोड्या वेळानं, "वेल्डर गेला."

मग, "पठाण गेला. बंगाली थोडा आहे."

वर्कशॉपच्या दारात व्हॅन थांबली तेव्हा शेवटचा आला, "फोन बंद करायला सांगतायत. तू अजून आहेस."