प्रमोदिनीबाईंचं जर्मन यंत्र

१९५७ साली प्रमोदिनीबाई आमच्या अमरावतीच्या मोजणी कचेरीत लागल्या, तेव्हा त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं 'कॉम्प्युटर'. म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. रानातून मोजणीच्या वह्या यायच्या, त्यांतल्या आकड्यांवरून जमिनीचे चढउतार काढायचे, हे आमचं काम. आम्ही पाच जण होतो. बाई त्या एकट्याच. वडील शाळेत गणित शिकवायचे. ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, बाईंचं लग्न राहिलं आणि नोकरी करावी लागली.

आम्हां चौघांपुढे आकडेमोडीची, हाताने फिरवायची नवी स्वीडिश यंत्रं होती. पाचवं आलंच नाही, म्हणून बाईंना कपाटातलं जुनं जर्मन यंत्र मिळालं. त्याच्या खुंट्या वेगळ्या, गुणाकाराची रीत निराळी. कचेरीचे छापील तक्ते आमच्या यंत्रांच्या क्रमाने आखलेले. बाईंना ते चालत नसत. त्या कोऱ्या कागदावर स्वतः रेघा मारून घेत. नागपूरहून मेकॅनिक यायचा, चार यंत्रांना तेल द्यायचा आणि पाचव्याकडे न बघता चहा पिऊन जायचा. आम्ही बाईंना माघारी 'जर्मनीण' म्हणायचो. मीही म्हणायचो.

एकदा आतली स्प्रिंग तुटली. बाईंनी यंत्र पिशवीत घालून इतवाऱ्यातल्या फारुख घड्याळवाल्याकडे नेलं.

"याची स्प्रिंग कोठीच भेटत नाई, बाई," फारुख म्हणाला. "पन मी त्याले बनवून देतो. मशीन लय इमानदार आहे."

आठ दिवसांनी यंत्र परत आलं, तेव्हा मी बाईंना कचेरीत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

१९६२च्या उन्हाळ्यात अंजनगावकडच्या एका लहान कालव्याची मोजणी आली. वही घामाने, धुळीने मळलेली. एका कारकुनाने तिची छापील तक्त्यावर स्वच्छ नक्कल केली आणि आम्ही चौघांनी त्या नकलेवरून हिशेब केला. बाईंना तक्ता उपयोगाचा नव्हता, म्हणून त्यांनी मूळ वहीच घेतली. आमची चारही उत्तरं जुळली. बाईंच्या हिशेबाने मात्र पुढची जमीन वीतभर उंच निघत होती.

"तुमचं मशीन चुकून राहिलं, बाई," आमचे प्रमुख चिंतामणराव म्हणाले.

"मी तीनदा केलंय, साहेब. एकदा मूळ वही बघा."

"चार मशीनं एक सांगतात, तुमचं एकटं वेगळं सांगतं. मी कोणाचं ऐकू?"

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी बघता का?"

वही माझ्यापासून दोन हातांवर पडली होती. चिंतामणराव उभे होते. मी म्हणालो, "माझा आकडा जुळलाय, बाई." आणि हिशेबावर सही केली.

त्याच आठवड्यात जर्मन यंत्र कपाटात गेलं आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. भांडल्या नाहीत. घरी वडिलांचं औषध चालू होतं.

दोन वर्षांनी कालव्यात पाणी सोडलं. ते अर्ध्या वाटेवर थबकलं. पुढची तीन गावं कोरडीच राहिली. चौकशी लागली, तेव्हा मी ती वही उघडली. मूळ आकड्यात सात होता, नकलेत त्याचा एक झाला होता. अहवालात 'नकलेतील चूक' एवढंच आलं. कारकून केव्हाच निवृत्त झालेला. चिंतामणरावांची अकोल्याला बढतीवर बदली झाली. बाईंचं नाव त्या कागदांत कुठेच नव्हतं.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. त्या पाकिटांवर तिकिटं लावत होत्या.

"बाई, सातच होता."

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. कचेरीत त्या अशा घरच्या बोलीत कधी बोलत नसत. "आता काहून सांगता?"



नव्या साहेबांना मी सांगून पाहिलं, बाईंना पुन्हा आकडेमोडीवर घ्या. ते म्हणाले, त्यांना आपली यंत्रं येत नाहीत. जर्मन यंत्र तोवर भंगारात वजनावर गेलं होतं.

पुढे चार वर्षं बाई माझ्याशी टपालापुरतंच बोलल्या. १९६८मध्ये त्यांचे वडील वारले. भेटायला गेलो, तर त्यांच्या धाकट्या बहिणीने दारातच सांगितलं, ताई झोपली आहे. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी थोडा वेळ ओट्यावर बसलो आणि निघून आलो. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला आणि त्या बहिणीकडे बडनेऱ्याला राहायला गेल्या.