आपोआप बंद पडलेला आवाज

वणीच्या आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणं माझ्याकडे आहे. चौकशीच्या खिडकीवर माझा एक सहकारी बसायचा. तो जन्मापासून अंध. त्याचं मशीन पडद्यावरचं सगळं त्याच्या कानात वाचून दाखवायचं. महागाव, झरी जामणी अशी गावांची नावं मशीनला नीट म्हणता यावीत म्हणून तो उच्चार सांगायचा, मी ते फाइलीत टाकायचो. आमचं त्यावरून हसणंही व्हायचं.

त्या मशीनची डिस्क भरली. लिनक्सच्या टर्मिनलवर आज्ञा टाइप करून मी एक जुनं पॅकेज, म्हणजे नको असलेलं सॉफ्टवेअर, सेटिंगसकट काढायला सांगितलं. त्याच्यासोबत आणखी काय काय जाणार याची यादी आली आणि मशीननं विचारलं, पुढे जाऊ का? त्या यादीत आवाजाचं पॅकेजही होतं. मी यादी वाचलीच नाही. जेवायची घाई होती. 'हो'साठी 'वाय' दाबलं.

जेवून आल्यावर त्यानं हेडफोन कानाला लावला, काढला, पुन्हा लावला.

"काहून हो दादा, हे बोलूनच नाही राह्यलं?"

मी पडद्याकडे पाहिलं आणि समजलो. साहेब मागेच उभे होते.

"आपोआप बंद पडलं असंल," मी म्हणालो.

"मी म्हटलंच होतं," साहेब म्हणाले. "आपोआप बंद पडणाऱ्या वस्तूच्या भरवशावर खिडकी चालते काय?"

त्याला आतल्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसवलं. संध्याकाळी मी पॅकेज पुन्हा टाकलं. आवाज आला, पण शिकवलेली गावं गेली होती. साहेबांना सांगितलं, मशीन सुरू झालं. ते म्हणाले, "उद्या पुन्हा बंद पडलं तं?" यावर खरं उत्तर माझ्याकडे होतं. 'बघतो' म्हणून मी बाहेर पडलो. त्याची खिडकी मशीननं नाही, माझ्या त्या एका वाक्यानं गेली.

परवा अखेर त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तो पाकीट चिकटवत राहिला. बोटाला लागलेला गोंद त्यानं पुसला.

"हे मले सांगून काय होते, दादा? मी कुठं तुमचा साहेब आहो?"

"जातो," मी म्हणालो.

"जा. अन् आल्यावर बसा इथंच. गावं पुन्हा शिकवा लागतील त्याले."

मी उठलो. साहेब केबिनमध्येच होते. दारातूनच सांगायला सुरुवात केली, आत जाईपर्यंत धीर टिकला नसता.