मोकळे कान

यवतमाळच्या एका दुकानात मी पाण्यात चालणारे हेडफोन बघत होते. शेजारी एक बाई तेच बघत होती. पोहूनच आली असावी, केस ओले होते. पर्समधला फोन वाजला की ती न बघताच दाबून बंद करायची.

दुकानदार तिला म्हणाला, "ताई, याचा आवाज हाडातून जाते. कान मोकळेच राह्यतात. कोणी हाक मारली तरी ऐकू येते."

तिनं हेडफोन अलगद काचेवर ठेवले.

"मंग नको, भाऊ. दिवसभर हाकाच ऐकून राह्यली मी. पाण्यात डोकं बुडवलं का तेवढं बंद होते, म्हणून तं पोहाले जाते."

फोन परत वाजला. या वेळी तिनं उचलला. "आलीच," म्हणत ती निघाली.

हेडफोन मी घेतले. तलावावर मात्र अजून नेलेले नाहीत.