बॅटरीमामांचा शेजार

बॅटरीमामा इतके हळू बोलत की त्यांचं ऐकायचं तर समोरच्याला आपलं बोलणं थांबवावं लागे. रोह्याच्या बाहेर, कुंडलिकेच्या काठावर एका शेतमालकानं सहलीला येणाऱ्यांना तंबू ठोकायला जागा करून दिली होती, तिथे ते राखणीला होते. भर दुपारीसुद्धा त्यांच्या कमरेला लांबुडकी बॅटरी लटकलेली असे, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं. वीस वर्षं घसा फोडून गणित शिकवणाऱ्या मला पहिल्या दिवशी त्यांचं एक वाक्यही धड कळलं नव्हतं.

मी पेणला राहते. आई गेल्यावर दोन खोल्यांचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. शनिवारी शाळा सुटली की सोमवारच्या हजेरीपर्यंत कोणाशी बोलायची वेळच येत नसे. घरातली शांतता अंगावर येई. नदीकाठची तशी नसेल, असं वाटलं आणि मी तंबू विकत घेतला. एका माणसाचा मिळाला नाही, म्हणून दोघांचा घेतला.

त्या पहिल्या शनिवारी शेजारच्या तंबूत सहा-सात तरुण उतरले होते. दिवेलागणीला त्यांनी भलामोठा स्पीकर लावला. थोडा वेळ मी सहन केलं, मग उठून गेले आणि वर्गात लावते तसा आवाज लावून म्हणाले, "दुसरी माणसंही आहेत इथे." एक जण हसून म्हणाला, "मॅडम, आज सुट्टी आहे." बाकीचे हसले. माझी पाठ वळताच आवाज आणखी वाढला.

मामा हे लांबून बघत होते. ते आले आणि काही न सांगता त्या पोरांच्यात मांडी घालून बसले. ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू येईनात. "काय म्हणालात, मामा?" एकानं विचारलं आणि स्पीकर थोडा कमी केला. मामांचे ओठ पुन्हा हलले. त्यानं स्पीकर आणखी कमी केला. वरून धरणाचं पाणी सोडलं की नदी कशी चढते, कुठल्या दगडापर्यंत येते, कुठे पाय घालायचा नाही, असं काहीबाही ते सांगत होते. पोरं वाकून वाकून ऐकत होती. अर्ध्या तासानं मामा उठले, तेव्हा स्पीकर बंद होता आणि कोणाला तो परत लावायची आठवण राहिली नव्हती.

जाता जाता माझ्याजवळ थांबले. "बाय, येकटी हायेस त तंबूचं तोंड माज्या झोपडीकडं कर." मी त्यांच्यादेखत खुंट्या उपटल्या आणि तंबू वळवला. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी जात राहिले. मी एसटीतून उतरून शेताच्या बांधावर दिसले की ते चुलीवर कोऱ्या चहाचं आधण ठेवत. चहा पिताना आम्ही फार बोलत नसू, पण कोणाच्या तरी शेजारी बसून चहा प्यायची माझी सवय परत आली.

एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, सरळ 'बंद करा' म्हणून का नाही सांगत? तुम्ही राखणदार आहात."

"सांगितलं त गप व्हतील गो," ते म्हणाले. "मंग मी काय आयकू?"

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी हातानं नदीपलीकडची वाडी दाखवली. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, लेकरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा. मामांचा मुलगा, सून, नातवंडंही जायची. पावसाच्या तोंडावर परत येईपर्यंत तिथे कुत्री आणि दोन-चार म्हातारी माणसं. "वाडी मुकी व्हते," मामा म्हणाले. "हितं निदान कोन तरी गातं, भांडतं. बरं वाटतं."

मी आवाजाला कंटाळून तिथे जात होते आणि ते आवाजासाठी तिथे राहत होते. हे मला त्या दिवशी कळलं, पण पुरतं उमगलं नाही.

आईचं वर्षश्राद्ध झालं त्या आठवड्यात मी पुन्हा गेले. शेजारी एक मोठं कुटुंब उतरलं होतं. त्यांच्या आजोबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. फुगे, गाणी, टाळ्या, आरडाओरडा. मी तंबूत पडून मामांची वाट बघत राहिले. आता येतील, त्यांच्यात बसतील, आवाज उतरेल. आवाज उतरला नाही. शेवटी बाहेर येऊन बघितलं, तर मामा त्यांच्या घोळक्यात होते. डोक्यावर कागदाची चकचकीत टोपी, एका हातात त्या आजोबांचा हात, आणि दोघं म्हातारे नाचत होते. मला बघून मामांनी बॅटरी हलवली. ते मोठ्यानं हसत होते. तसे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी तंबू गुंडाळला आणि कोणाला न सांगता रस्त्याला लागले. पेणच्या गाडीत बसल्यावर मोबाइल काढून त्या जागेच्या माहितीखाली लिहिलं, 'इथे शांतता मिळत नाही. राखणदार स्वतःच गोंगाटात सामील असतो.' एक तारा दिला. खाली माझं नाव होतंच. आज खरं सांगते, मला आवाजाचा राग आला नव्हता. मामा त्या लोकांचे झाले, याचा आला होता.

दोन महिन्यांनी राग ओसरल्यावर गेले, तेव्हा झोपडीत शिट्टी अडकवलेला नवा राखणदार होता. फाटकावर नियमांची पाटी होती. "मामा कुठे आहेत?" मी विचारलं.

"मालकानं काढलं त्यांना. कुठल्या तरी बाईनं तक्रार टाकली म्हणे."

मी तिथूनच मालकाला फोन केला. चूक माझी होती, त्यांना परत घ्या, म्हणाले. "आता दुसरा माणूस ठेवलाय, मॅडम," तो म्हणाला. "आणि लोकांना शांतताच हवी असते." मी लिहिलेलं पुसून टाकलं. नदी ओलांडून वाडीवर गेले, तर दारात बसलेल्या एका म्हातारीनं सांगितलं, तो यंदा लेकाबरोबर भट्टीवर गेला. कुठली भट्टी, ते तिला ठाऊक नव्हतं.

मामा भेटले ते आषाढात, पेणजवळच्या जोह्याला, जिथे घरोघर गणपती घडवतात. शाळेच्या गणपतीची मूर्ती ठरवायला गेले होते. कारखान्याच्या पडवीत अर्धवट सुकलेल्या मूर्ती उचलून मांडणीवर ठेवणारा माणूस वळला, तर ते होते. भट्टीनं अंगावरचं मांस नेलं होतं.

"मामा, ती तक्रार मी केली होती," मी म्हणाले.

"म्हायती हाय. मालकान नावासकट वाचून दाखवली."

"मग तुम्ही मला..."

त्यांनी हातातली मूर्ती आधी जपून खाली ठेवली. "तू येकटीच व्हतीस त्या दिशी. माज्या ध्यानातच नाय रायलं. मागून केक घेऊन आलो तुज्यासाठी. त तंबूच नव्हता."

आतून कोणीतरी हाक मारली आणि मामा मूर्ती उचलून गेले. मी पडवीत उभी राहिले. माझी एसटी आली आणि गेली, दुसरी आली तेव्हा निघाले.

पुढच्या पावसाळ्यात मुद्दाम त्या कारखान्यात गेले. मामा दिसेनात. मी मालकाला विचारलं, "गेल्या वर्षी मूर्ती उचलायला एक म्हातारे होते, रोह्याकडचे. हळू बोलायचे. ते नाही आले यंदा?"

"बरीच माणसं असतात, बाई," तो हातातला ब्रश न थांबवता म्हणाला. "नाव सांगा, म्हणजे विचारतो कोणाला तरी."

मला नाव सांगता आलं नाही.