चाललेलं मोडून पाहणारा

आमच्या नालवाडीच्या घरी वरच्या खोलीत एक भाडेकरू होता, कॉम्प्युटरवाला. टेबलावर दोन कॉम्प्युटर. एकातला प्रोग्राम जावातला, दुसऱ्यातला डॉटनेटचा. ते काय असतं, मला विचारू नका. या कॉम्प्युटरचा निरोप त्या कॉम्प्युटरला पोचायचा, पण उघडला की रिकामा. सोमवारपर्यंत जमलं नाही तर भाडेकरूची नोकरी जाणार होती. मी इकडून बटण दाबायची, तो तिकडून म्हणायचा, "रिकामंच, काकू."

रविवारी संध्याकाळी सगळा मजकूर आला! मी साखर आणायला उठले, तर त्यानं नुकतीच केलेली दुरुस्ती पुसूनच टाकली.

"चालून राह्यलं होतं ना बाप्पा! मोडलं काऊन?"

"काऊन चाललं तेच नाई समजलं, काकू. या दुरुस्तीनंच चाललं का आपोआप, ते पाहू. दाबा."

मी दाबलं.

"रिकामंच," तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.