वहिनीसाहेबांचं बसस्टँड

वहिनीसाहेबांच्या कोठीघरात ‘सांडगे’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात सांडगे नव्हते. ‘कुरडया’च्या डब्यात कुरडया नव्हत्या. सांडग्यांच्या डब्यात लाल ठोकळे, कुरडयांच्या डब्यात पांढरे, आणि शेवयांच्या मोठ्या डब्यात चाकं, दारं, खिडक्या. मुलं एकमेकांत बसवून घरं नि गाड्या करतात ना, तेच प्लास्टिकचे ठोकळे. बोलता बोलता त्या मागे हात घालायच्या आणि न बघता नेमका हवा तो तुकडा बाहेर काढायच्या. वय वर्षं अठ्ठावन्न.

सगळी वडवणी त्यांना वहिनीसाहेब म्हणे, कारण त्यांचे यजमान, अण्णा, तालुक्याचे पुढारी. मी तिथल्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागले. त्यांचं नाव शकुंतला आहे हे मला दीड वर्षाने कळलं, तेही त्यांच्या मोबाइलवरून. त्यावर ठोकळ्यांची हौस असलेल्या मोठ्या माणसांचा एक गट होता. कोणी इंजिनियर, कोणी दातांचा डॉक्टर. तिथे त्या शकुंतलाताई होत्या. “तिथं मला कुनी च्या मागत न्हाई,” त्या म्हणायच्या.

घरात मात्र सकाळी सातपासून बैठकीत माणसं आणि चुलीवर... म्हणजे गॅसवर, पण वहिनीसाहेब चूलच म्हणत, आधण. कोठीघराच्या दाराशी पाऊल वाजलं की मांडीवरच्या ठोकळ्यांवर पदर पडायचा आणि ठरलेलं उत्तर यायचं, “नातवाचं हाय.” हा नातू पुण्याला कॉलेजात होता, त्याला मिशा फुटल्या होत्या. पाच वर्षांचा असताना तो सुट्टीत आपलं खेळणं विसरून गेला, त्या एका विसरण्यावर त्यांनी इतकी वर्षं निभावून नेलं. नवे ठोकळे माझ्या नावाने शाळेच्या पत्त्यावर यायचे. आमच्या मुख्याध्यापकांना वाटे, बाई पदरमोड करून गणित शिकवतात. त्यांनी परिपाठाला माझं कौतुक केलं, आणि मी निर्लज्जपणे ते घेतलं.

वहिनीसाहेब घराबाहेर पडत ते अण्णांच्या जीपमधूनच. लग्नकार्य, हळदीकुंकू, कुणी वारलं तर भेटायला, चतुर्थीला लिंबागणेशचा गणपती. पुढे ड्रायव्हर, शेजारी एखादी जाऊ. त्यांचं माहेर बीडजवळचं पाली. तिथून बीडच्या शाळेत त्या एसटीने जायच्या, खिडकीची जागा धरून. लग्नानंतर चाळीस वर्षांत एसटीत पाय ठेवला नव्हता. मी एकदा न राहवून विचारलं, “तुम्हाला कुणी अडवतं का हो?”

“अडवतंय कोन, बाई? अडवलं असतं तर भांडले असते. इथं तर समदे सांभाळत्यात.”

दोन वर्षं त्या कोठीघराच्या मागच्या फळीवर ठोकळ्यांचं वडवणीचं बसस्टँड बांधत होत्या. गच्चीवरून त्याचं छप्पर दिसे, म्हणून छप्पर आधी झालं, खांब नंतर. आतलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. अण्णांनी तिथल्या पाणपोईची फीत कापली तेव्हाही त्या जीपमध्येच बसून होत्या. त्यामुळे मला कामं लागली. “बाई, बाकडी मोजून या. चौकशीची खिडकी कोन्या हाताला हाय ते बघा.” एकदा मी आळसाने, न मोजताच, ‘आठ’ म्हणून ठोकून दिलं. “गच्चीवरून दिसतंय की मला, दुपारची गाडी लागली की आतून किती मान्सं निघत्यात. आठ बाकड्यांवर मावत न्हाईत ती,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खरोखर मोजली. अकरा होती.

फलाटावर त्यांनी लाल बस उभी केली होती. तिचं दार उघडायचं, पाटीवर ‘वडवणी–पुणे’. खिडकीशी बसायला हिरव्या कपड्यांची बोटभर बाहुली होती, पण ती बसमध्ये कधी नसायची. ती पदराच्या गाठीत असायची. “निघायच्या दिवशी बसवू,” त्या म्हणत. गोंद मात्र त्यांना अजिबात खपत नसे. “सुटं व्हायला पायजे. सुटं होत न्हाई, तो कसला खेळ?” प्रत्येक वस्तू महिनाभराने मोडून त्या परत डब्यात भरत. स्टँड तेवढं राहिलं होतं.

मग गटाने पुण्यात प्रदर्शन ठरवलं आणि शकुंतलाताईंना बोलावणं आलं. त्यांचा बेत पक्का होता. स्टँडचे चौदा भाग करायचे, जुन्या साड्यांत गुंडाळायचे, एसटीने न्यायचे आणि तिथे जोडायचे. जोडायचा क्रम फक्त त्यांच्या डोक्यात होता. “कागदावर मुद्दाम लिवला न्हाई. मला न्यावंच लागंल.” हे सांगताना त्या तोंडाला पदर न लावता हसल्या. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अण्णांना सांगायचं काम मी अंगावर घेतलं. शहाणपण माझ्या अंगात मावत नव्हतं. अण्णा माणूस चांगला, हे मला आजही म्हणावंच लागतं. ऐकून त्यांचे डोळे भरले. “आमच्या मंडळीनं केलं? आन् आमालाच ठावं न्हाई?” चपला बाहेर काढून ते कोठीघरात गेले, बघून आले. “पन पुण्याला ह्या कशाला जातील?”

“वाटेत मोडेल ना,” मी म्हणाले. “तिथे त्यांनीच जोडायला हवं.” मला वाटलं, जिंकले.

“मोडनार न्हाई,” अण्णा म्हणाले. “तुमी काळजी सोडा.”

चतुर्थीला वहिनीसाहेब लिंबागणेशला गेल्या आणि मी शाळेत. अण्णांनी सुतार बोलावला. त्याने फटीफटीत पातळ गोंद सोडला, खाली फळी ठोकली, वर काच बसवली. बसचं दारही चिकटवलं. संध्याकाळी बैठक भरली होती. “आता जीपमधून आख्खं जातंय,” अण्णा बायकोला कौतुकाने म्हणाले. “तुला हेलपाटा न्हाई.”

वहिनीसाहेबांनी काचेवरून हात फिरवला, बसच्या दारासमोर थांबवला. “लई चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. बैठकीत पंधरा माणसं होती.

स्टँड पुण्याला जाऊन आलं आणि बैठकीत बसलं. अण्णा आल्यागेल्याला ते अभिमानाने दाखवत. आता ‘नातवाचं हाय’ म्हणायची गरज उरली नव्हती. त्या उन्हाळ्यात सांडग्यांच्या डब्यात वहिनीसाहेबांनी सांडगे भरले. मी जिन्यावरून बघत होते. मला फार रडू आलं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना मी त्यांची माफी मागितली.

“जाऊ द्या, बाई. तुमी बी सांभाळायलाच गेलता की.” एवढं बोलून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि बाहुली माझ्या तळहातावर ठेवली. “हिला तेवढी खिडकीची जागा धरा.”

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मी स्टँडवर गेले, अकरा बाकड्यांपैकी एकावर बसले आणि पुण्याची गाडी लागल्यावर खिडकी धरली. गाडी छपराखालून बाहेर पडली तेव्हा वहिनीसाहेब गच्चीवर उभ्या होत्या. एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार होतं! तरी मी हात लांबवून बाहुली खिडकीबाहेर धरली, आणि गच्ची दिसेनाशी होईपर्यंत आत घेतली नाही.